होसे बास्को इ वार्गास (१७७८–१७८७): मनिलाचा गव्हर्नर आणि तंबाखूचा एस्तांको

हिशेबनीस

फिलिपाइन्सचा इतिहास आपल्याकडे मॅगेलनवरून थेट एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रनायक रिझालवर उडी मारतो. मधली साडेतीनशे वर्षं कुणी वाचत नाही. त्या मधल्या काळातल्या एका गव्हर्नरबद्दल हा धागा आहे: होसे बास्को इ वार्गास. दक्षिण स्पेनमधल्या रोंदा गावचा, पेशाने आरमारी अधिकारी. जुलै १७७८ मध्ये मनिलात रुजू झाला आणि सप्टेंबर १७८७ मध्ये पायउतार झाला. नऊ वर्षं म्हणजे तिथल्या मानाने लांबलचक कारकीर्द.

तो आला तेव्हा तिजोरीची अवस्था काय होती, हे आधी पाहू. ऑक्टोबर १७६२ मध्ये मद्रासहून आलेल्या इंग्रजी आरमाराने मनिला घेतली होती आणि १७६४ पर्यंत ती त्यांच्याच ताब्यात होती. ४० लाख पेसोंची खंडणी मागितली गेली, ती पूर्ण कधी वसूल झाली नाही. इंग्रज गेले तरी तटबंदी, तोफा, गलबतं सगळंच नव्याने उभं करायचं होतं. आणि पैसा यायचा मेक्सिकोहून. त्याला सितुआदो म्हणत. कागदावरचा आकडा वर्षाला २,५०,००० पेसो.

हा आकडा डोळ्यापुढे आणायचा तर: एक पेसो म्हणजे सुमारे २७ ग्रॅमचं चांदीचं नाणं, म्हणजे ही पावणेसात टन नाणी झाली. दुसरा हिशेब असा, की स्थानिक लोकांकडून जो त्रिबुतो घेतला जाई तो नवराबायकोच्या जोडीमागे १० रिआल, आणि ८ रिआलांचा १ पेसो. म्हणजे सितुआदो भरून काढायला दोन लाख जोडप्यांचा कर लागला असता. शिवाय तो कर बहुतेक भाताच्या किंवा कापडाच्या रूपात यायचा.

बास्कोने १७७९ मध्ये सर्वसाधारण आर्थिक योजना मांडली. तिचं सार एका वाक्यात सांगायचं तर मेक्सिकोच्या चांदीवर जगणं बंद, बेटांनी स्वतःच्या मातीतून स्वतःचा खर्च काढायचा. त्यासाठी त्याने दोन वाटा धरल्या. एक समजावणीची: बक्षिसं, बियाणं, कृषी-उद्योगाची मंडळी. दुसरी सक्तीची: तंबाखूचा सरकारी एस्तांको, म्हणजे सरकारी एकाधिकार. माझं म्हणणं असं, की पहिली वाट चारपाच वर्षांत गवतात हरवली, दुसरी शंभर वर्षं चालली आणि तिनेच त्या बेटांची शेती घडवली आणि बिघडवलीही. यावर चर्चा व्हावी.

खडूस

सितुआदो म्हणजे मेक्सिकोने मनिलाला दिलेली भीक, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. त्यातला मोठा भाग मनिलाच्याच मालावर मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरात वसूल झालेल्या जकातीचा होता. मनिलाचं गलबत अकापुल्कोला लागलं की तिथे जकात कापली जायची आणि तीच रक्कम, वर मेक्सिकोच्या खजिन्यातून भर घालून, परतीच्या फेरीत पाठवली जायची. म्हणजे निम्मीशिम्मी तरी स्वतःचीच कमाई, दुसऱ्याच्या हातून परत आलेली.

हिशेबनीस

@खडूस, बरोबर. पण बास्कोच्या दृष्टीने अडचण तीच होती. कमाई कुणाची का असेना, चावी अकापुल्कोत होती. गलबत बुडालं किंवा पकडलं गेलं की त्या वर्षी ना जकात, ना सितुआदो. १७४३ मध्ये इंग्रज आरमारी अधिकारी अ‍ॅन्सनने 'कोवादोंगा' पकडलं तेव्हा त्यावर १३,१३,८४३ पेसो होते. १७६२ मध्ये 'सान्तिसिमा त्रिनिदाद' गेलं. एका गलबताबरोबर अख्ख्या वसाहतीचा वर्षभराचा खर्च समुद्रात. असा कारभार कुठलाही हिशेबी माणूस चालू देणार नाही.

तांडेल

गलबताचा धंदा नेमका कसा चालायचा ते लिहितो, म्हणजे मनिलाचे व्यापारी बास्कोवर का चिडले ते कळेल.

मनिलाहून वर्षाला एक गलबत. १७३४ पासूनची परवानगी अशी, की जाताना ५ लाख पेसो किमतीचा माल न्यायचा आणि येताना १० लाखांपर्यंत चांदी आणायची. गलबताच्या पोटातली जागा ठरावीक मापाच्या गाठोड्यांमध्ये वाटलेली असायची. प्रत्येक गाठोड्याचे चार भाग, त्या भागाला पिएसा म्हणत, आणि एका पिएसाच्या जागेचा परवाना म्हणजे बोलेता. हे बोलेता मनिलात राहणाऱ्या स्पॅनिश लोकांना वाटले जायचे. त्यात अधिकारी, पाद्री-संस्था, विधवा सगळे आले. ज्याच्याकडे माल घ्यायला पैसे नाहीत तो आपला बोलेता विकून मोकळा.

भांडवल यायचं ओब्रास पिआसकडून, म्हणजे धर्मादाय निधींकडून. मेलेल्या माणसांनी दानधर्मासाठी ठेवलेला पैसा सागरी कर्ज म्हणून व्यापाऱ्याला द्यायचा. जहाज बुडालं तर कर्ज बुडालं, परत आलं तर मुद्दल अधिक जबर व्याज. अकापुल्कोच्या फेरीचा दर सगळ्यात चढा, चीन-हिंदुस्थानच्या फेऱ्यांचा त्याहून उतरता.

आता यात मनिलाच्या व्यापाऱ्याने काय करायचं? चिनी सम्पान, म्हणजे तिकडची जहाजं, रेशीम घेऊन येतात, कोरोमंडलचं सुती कापड येतं, ते गाठोड्यात बांधायचं, आणि वर्षभर वाट बघायची. नफा दुप्पट. ऊस, नीळ, कापूस असल्या मातीतल्या भानगडीत त्याने पडावं कशाला? बास्कोची योजना त्याला घरबसल्या मिळणाऱ्या उत्पन्नावर घाला वाटली. आणि ती तशी होतीच!

एक भानगड नेहमीची. कागदावर ५ लाख, पण प्रत्यक्षात माल त्याच्या दुप्पटही भरला जायचा. गाठोडी दाबून बांधायची, पाण्याच्या पिंपांची जागा मालाला द्यायची. पॅसिफिक ओलांडायला चार ते सहा महिने. पाणी कमी, तोफा मालाखाली गाडलेल्या. इंग्रजांनी गाठलं की लढायला तोफ मोकळी नाही, आणि वाटेत खलाशी स्कर्व्हीने मरायचे ते वेगळंच.

रानजाई

धागा मस्त चाललाय. एक प्राथमिक प्रश्न: गव्हर्नर म्हणजे तिथला सर्वेसर्वा ना? मग व्यापारी चिडले काय नि न चिडले काय, त्याला फरक काय पडत होता?

मोडीवाचक

@रानजाई, कागदावर सर्वेसर्वा. गव्हर्नर, सरसेनापती आणि आउदिएन्सियाचा अध्यक्ष अशा तिन्ही टोप्या त्याच्याच डोक्यावर. चर्चच्या नेमणुकांतही राजाचा प्रतिनिधी म्हणून त्याचा शब्द. माद्रिदला पत्र पाठवून उत्तर यायला दोनेक वर्षं. राजाची आज्ञा नको असेल तर ठरलेलं सूत्र होतं: आज्ञा शिरसावंद्य, पण अंमल होणार नाही. मान ठेवायचा आणि कारणं लिहून परत पाठवायची.

पण त्याला धरून ठेवणाऱ्या तीन दोऱ्या होत्या.

पहिली आउदिएन्सिया. हे उच्च न्यायालय. त्यातल्या न्यायाधीशांना ओइदोर म्हणत. ते गव्हर्नरच्या हुकमावर अपील ऐकत आणि गव्हर्नर मेला तर कारभारही हाती घेत.

दुसरी पाद्री-संघ. खेड्यात राहणारा स्पॅनिश माणूस बहुतेक वेळा एकच, तो म्हणजे पाद्री. भाषा त्याला येते, यादी त्याच्याकडे, कुणाच्या घरात काय शिजतंय तेही त्यालाच माहीत. त्याला न दुखावता खेड्यातून काही वसूल करणं अवघड.

तिसरी रेसिदेन्सिया. कारकीर्द संपली की चौकशी. बहुधा नंतरच्या गव्हर्नरच्या किंवा नेमलेल्या न्यायाधीशाच्या हाती. गावोगावी दवंडी पिटायची, की अमुक साहेबांविरुद्ध तक्रार असेल त्याने यावं. तिचे दोन भाग: गुप्त साक्षी आणि उघड दावे. तोवर त्याने बेटं सोडायची नाहीत, जामीन आधीच भरलेला. निकाल शेवटी स्पेनमधल्या इंडीज कौन्सिलकडे, म्हणजे वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या राजमंडळाकडे.

आधीच्या गव्हर्नरांचं काय झालं ते बघितलं की बास्कोची सावधगिरी समजते. कोर्कुएराला त्याच्या वारसाने पाच वर्षं तुरुंगात ठेवलं. सालसेदोला १६६८ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पकडलं आणि मेक्सिकोला नेताना तो गलबतावरच मेला. बुस्तामान्तेला तर ११ ऑक्टोबर १७१९ रोजी जमावाने राजवाड्यात घुसून ठार केलं. त्या जमावात पाद्री होते.

बास्कोचा प्रसंग थोडा बरा. ओइदोरांनी त्याला पकडून त्याच्या जागी पेद्रो सारिओला बसवायचा बेत केला. सारिओ म्हणजे बास्को येण्याआधी हंगामी कारभार पाहणारा लष्करी अधिकारी. त्याने त्यात पडायला नकार दिला. बास्कोने कटवाल्यांना पकडून स्पेनला रवाना केलं. बरं, बास्को गेल्यावर पुन्हा हंगामी कारभार आला तो याच सारिओकडे. हा माणूस खरं तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

काळी कसदार

आता तंबाखूकडे वळू, कारण सगळ्या चर्चेत पीकच बाजूला राहतंय.

तंबाखूचं बियाणं मेक्सिकोहून गलबतांतून सोळाव्या शतकाच्या शेवटी आलं. दोनशे वर्षांत ते घरोघरी पोचलं. परसात दहावीस झाडं, पानं घरचीच. विड्याबरोबर चघळायची, वळून ओढायची. बाया, पोरंसुद्धा ओढत. म्हणजे मिठासारखी घरातली वस्तू. एस्तांकोने घाला घातला तो इथे.

क्रम असा: १७८० ची राजाज्ञा, १७८१ च्या डिसेंबरात मनिलात जाहीरनामा, आणि १ मार्च १७८२ पासून अंमल. सुरुवात लुझोनमध्ये, म्हणजे मनिला ज्यावर आहे त्या बेटावर. ठरवून दिलेल्या भागातच लागवड करायची, त्यात मुख्य गापान. बाकी सगळीकडे परसातलं झाड उपटायचं. पीक सगळं सरकारला विकायचं, सरकार ते मनिलात, प्रामुख्याने बिनोंदोच्या कारखान्यात, वळून घेणार, आणि परवान्याच्या दुकानांतूनच विकणार. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं पान ओढायची मुभा नाही. ओढायचं तर सरकारी विडी विकत घे.

पिकाचं कष्टाचं गणित. पावसाळ्याच्या अखेरीस वाफ्यात बी टाकायचं. बी इतकं बारीक की राखेत मिसळूनच फेकावं लागतं. दीडदोन महिन्यांनी रोप लावणीला येतं. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गाळात लावण. मग रोज पहाटे अळ्या वेचायच्या, कारण ऊन चढलं की त्या पानाखाली दडतात. कळी दिसली की शेंडा खुडायचा, नाहीतर सगळा जोर बियाण्यात जातो. शेंडा खुडला की बगलफूट सुरू होते, ती आठवड्याआठवड्याला काढायची. खालची पानं आधी पिकतात, म्हणून तोडणी दोनतीन वेळा. मग सावलीत टांगून वाळवण.

बिघडतं कुठे? एक, पूर उशिरा आला की लावण उशिरा होते आणि पान भरण्याआधीच कडक ऊन लागतं. दोन, टांगलेल्या पानाला वळवाची सर लागली की बुरशी. तीन, पान अर्धवट ओलं असताना गाठ बांधली की आतून तापतं, काळं पडतं. चार, आणि हे सगळ्यात वाईट, प्रतवारी.

हिशेबनीस

प्रतवारीबद्दल सविस्तर लिहाल का? तिथेच सगळा पैसा अडकतो.

काळी कसदार

लिहितो. पण हे पुढच्या शतकातले आकडे आहेत. बास्कोच्या काळात पद्धत एवढी बसलेली नव्हती.

१० पानांची जुडी, १० जुड्यांची म्हणजे १०० पानांची एक मानो, आणि ४० मानोंचा एक फार्दो. म्हणजे फार्दोत ४,००० पानं. प्रत पानाच्या लांबीवर. पहिली प्रत किमान १८ स्पॅनिश इंच, दुसरी १४, तिसरी १०, चौथी ७. त्याखालचं पान नापास, आणि नापास पान परत द्यायचं नाही, जाळून टाकायचं. परत दिलं तर ते चोरून विकलं जाणार ना!

स्पॅनिश इंच आपल्या इंचापेक्षा लहान, साधारण २३ मिलिमीटर. म्हणजे पहिल्या प्रतीचं पान जेमतेम ४२ सेंटिमीटर. मोजपट्टी आणि नजर दोन्ही सरकारी माणसाची. पान एका बोटाने कमी भरलं की प्रत उतरली. शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही, तक्रारीची जागा नाही. प्रतवारी करणाऱ्याने पहिली प्रत दुसरी म्हणून घ्यायची आणि गोदामात पहिली म्हणून चढवायची. मधला फरक खिशात.

एकोणिसाव्या शतकात लुझोनच्या ईशान्येच्या कागायानमध्ये दर कुटुंबामागे ४,००० रोपांची सक्ती होती. ढोबळ धरून चालू: झाडाला कामाची आठ पानं मिळाली तर ३२,००० पानं, म्हणजे आठ फार्दो. एवढ्यासाठी नवरा, बायको, पोरं सगळी राबणार, आणि भाताला वेळ उरणार नाही. धान्य मग बाहेरून विकत. त्यातही कहर म्हणजे १८६० च्या दशकात सरकारकडे रोख नव्हती तेव्हा शेतकऱ्याला चिठ्ठ्या दिल्या गेल्या. त्या चिठ्ठ्या गरजेपोटी पडेल भावाने दलालाला विकायच्या.

मोडीवाचक

इथे आपल्या जुन्या दफ्तरातले शब्द चपखल बसतात. महसूल वसूल करायच्या दोन तऱ्हा: मक्ता किंवा इजारा, आणि अमानी. मक्त्यात बोली लावणारा ठरलेली रक्कम आधी भरतो आणि मग लोकांना पिळून काढतो. अमानीत सरकारी नोकर थेट वसूल करतात. बास्कोचा तंबाखू अमानीचा होता. लिलाव नाही, सरकारच गिऱ्हाईक, सरकारच कारखानदार आणि दुकानदारही तेच. मक्त्यात सरकारला पैसा खात्रीचा पण थोडा मिळतो. अमानीत मोठा मिळतो, पण पहारे, कारकून, गोदामं, होड्या सगळ्याचा खर्च अंगावर. म्हणून धाग्याच्या पहिल्या पोस्टवर कुणी 'तंबाखूचा मक्ता' म्हणू नये इतकंच. हिशेबनीसांनी 'एस्तांको' लिहिलं ते योग्यच.

खडूस

अमानीच्या पहाऱ्याबद्दल. पहारेकऱ्यांची पथकं झडतीला घरात घुसत. कुणावर राग असेल त्याच्या परसात रात्री रोप लावून ठेवायचं आणि सकाळी झडती, ही तक्रार अशा प्रत्येक एकाधिकारात सापडते. दंड भरायला पैसे नसले की कैद. चोरटा व्यापार थांबला का? छे. लुझोनच्या उत्तरेच्या डोंगरात इगोरोत लोक सरकारच्या हाताबाहेर होते. ते पिकवायचे, पायथ्याच्या किनारपट्टीवरच्या इलोकोसचे लोक खाली उतरवून विकायचे. पहारेकरीही त्यात भागीदार. वस्तू घरोघरी लागणारी, सरकारी भाव चढा, आणि पीक डोंगरात कुठेही येणारं. अशा ठिकाणी बंदी टिकत नाही.

बास्कोच्याच काळातली दुसरी बंदी, १७८६ ची, बासीवर. बासी म्हणजे उसाच्या रसाची दारू, इलोकोसमध्ये घरोघरी गाळली जाणारी. त्यातून १८०७ मध्ये उठाव झाला. बास्को तोवर कधीच गेला होता, भोगलं दुसऱ्यांनी.

पोफळी

तुम्ही सगळे बास्कोला नुसता वसुलीचा भूत ठरवताय. दुसरी बाजू बघा. १७८१ मध्ये त्याने देशमित्रांची आर्थिक मंडळी स्थापन केली. स्पेनमध्ये तेव्हा अशा संस्थांचं पेव फुटलं होतं, पण आशियात ही पहिलीच. शेती, उद्योग, अंतर्गत व्यापार, परदेशी व्यापार, निसर्ग-इतिहास, लोकशिक्षण असे विभाग. कापूस, नीळ, मिरी, दालचिनी, रेशीम यांना बक्षिसं. कामारिनेसमध्ये तुतीची लाखो झाडं लावली. तांबोबोंगमध्ये माटियास ओक्तावियो या ऑगस्टिनियन पाद्र्याने नीळ काढून दाखवली आणि ती स्पेनला गेली. १७८४ मध्ये शेतकऱ्याला पेरणी-कापणीच्या हंगामात कर्जापायी कैद करू नये आणि त्याची जनावरं, अवजारं जप्त करू नयेत असा हुकूम काढला. त्या काळात सावकारापुढे शेतकऱ्याची बाजू घेणारे किती गव्हर्नर दाखवाल?

हिशेबनीस

@पोफळी, हुकूम चांगला होता, वादच नाही. पण अंमल कुणी करायचा? प्रांताचा आल्काल्दे मायोर. त्याचा पगार तुटपुंजा, म्हणून सरकारने त्याला १७५१ पासून एक फी भरून स्वतःच्या प्रांतात व्यापार करायची मुभा दिली होती. ती १८४४ मध्ये बंद झाली. म्हणजे जो न्याय देणार तोच सावकार, तोच भाताचा घाऊक खरेदीदार. तो स्वतःच्या कर्जदाराला हंगामात सोडेल?

रेशमाचं तर तंत्रच अडलं. तुती लावणं सोपं, किडे पाळणं अवघड. अळ्यांना महिनाभर दिवसातून अनेक वेळा ताजा पाला लागतो, ओला पाला दिला की रोग. कोश झाल्यावर आठदहा दिवसांत वाफवून किडा मारला नाही तर पतंग कोश फोडून बाहेर येतो आणि धागा तुटतो. मग उकळत्या पाण्यातून एकसारखा धागा उकलायचा. यात हात बसायला पिढी लागते, आणि पलीकडे ग्वांगझोहून तयार रेशीम सम्पान भरून, स्वस्तात, दरवर्षी येतंय. झाडं उगवली, उद्योग उगवला नाही.

मंडळी बास्को गेल्यावर मरगळली. १८१९ मध्ये पुन्हा जागी केली तोवर तीस वर्षं गेली होती.

पोफळी

मान्य, पण मग निष्कर्ष असा निघतो की बेटांवर बाजार नव्हता, गव्हर्नरचा दोष नाही. नीळ आणि साखर पुढे चाललीच की, बंदर परदेशी व्यापाऱ्यांना उघडल्यावर.

तांडेल

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. बंदर. बास्कोच्या काळात युरोपीय जहाजांना मनिला बंद. मग मद्रासचे इंग्रज काय करायचे? जहाजावर आर्मेनियन, मुसलमान किंवा पोर्तुगीज नाखवा दाखवायचा, झेंडा त्याचा, माल आपला. मनिलाचे अधिकारी डोळे मिटायचे, कारण कोरोमंडलच्या कापडाशिवाय गलबताची गाठोडी भरत नव्हती. आपल्याशी या विषयाचा खरा दुवा एवढाच: हिंदुस्थानी कापड मनिलामार्गे मेक्सिकोला, आणि मेक्सिकोची चांदी उलट वाटेने इकडे.

१७८५ मध्ये फिलिपाइन्सची शाही कंपनी निघाली. १० मार्चची सनद, ८० लाख पेसो भांडवल, २५० पेसोंचे ३२,००० भाग, त्यातले ३,००० मनिलाच्या रहिवाशांसाठी राखून ठेवलेले. नफ्यातले ४ टक्के बेटांच्या शेती-उद्योगावर खर्चायची अट. मनिलाच्या व्यापाऱ्यांनी भागांकडे पाठ फिरवली. कंपनीला स्पेनहून थेट आशियात जहाजं पाठवायची मुभा होती, पण अकापुल्कोची फेरी कंपनीला नाही, ती जुन्या मंडळींचीच राहिली. म्हणजे फायद्याचा तुकडा काढून घेतलेली एकाधिकारी कंपनी. १८३४ मध्ये गुंडाळली. शेवटचं गलबत त्याआधीच, १८१५ मध्ये.

रानजाई

बातानेस बेटांच्या राजधानीचं नाव बास्को आहे, ते यावरूनच का?

मोडीवाचक

हो. लुझोनच्या उत्तरेला, तैवानच्या वाटेवरची ती छोटी बेटं. लोक इवातान. शत्रूच्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून वस्ती टेकडीच्या माथ्यावर तटबंद जागी करत. त्या गढ्यांना इज्यांग म्हणत. बास्कोने माणसं पाठवून स्पॅनिश राजाचं प्रजाजन होण्याची संमती मिळवली आणि २६ जून १७८३ रोजी ताब्याचा समारंभ झाला. तो स्वतः तिथे गेला नव्हता. बक्षीस म्हणून 'बातानेस बेटांच्या विजयाचा काउंट' ही पदवी मात्र त्यालाच. लढाई न होता विजय!

संमतीचा अर्थ इवातानांना नंतर कळला. गढ्या सोडून खाली किनाऱ्यालगत पाद्र्याच्या नजरेखाली राहायला लावलं. इमारती लाकूड आणि खाणंपिणं मोबदल्याशिवाय घेतलं जाऊ लागलं. १७९१ मध्ये साबतांगच्या आमान दांगातने विरोध केला, त्याला फाशी दिली. बास्को तोवर युरोपात.

खडूस

तंबाखूचा शेवट कुणी लिहिलाच नाही. एस्तांको संपवायचा हुकूम १८८१ मध्ये निघाला आणि १८८२ च्या अखेरीस तो प्रत्यक्षात बंद झाला. बास्कोच्या १ मार्चपासून मोजलं तर शंभर वर्षं आणि वर काही महिने. बंद झाला तो शेतकऱ्याची दया येऊन नाही. चोरटा माल, चढता खर्च, सडलेली गोदामं आणि थकलेल्या चिठ्ठ्या यांचा ताळेबंद बसेना, म्हणून.

पोफळी

आणि त्याच शंभर वर्षांत मेक्सिको स्वतंत्र झाला, सितुआदो कायमचा थांबला, तरी मनिलाचं सरकार चाललं. बास्कोने १७७९ मध्ये जे मागितलं ते झालंच की.

काळी कसदार

झालं, पण कुणाच्या पाठीवर? गापानच्या आणि कागायानच्या.

रानजाई

अवांतर: आपली विलायती चिंच इंग्रजीत मनिलाच्या नावाने का ओळखली जाते, त्याचं उत्तर या गलबतांत आहे का?

तांडेल

आहे. झाड मूळ मेक्सिकोकडचं, गलबतांनी मनिलाला आणलं, तिथून पुढे पसरलं. चिकूही त्याच वाटेचा प्रवासी. तमिळमध्ये तर भुईमुगाच्या शेंगेला मनिलाच्या नावानेच ओळखतात. उलट दिशेने आंबा गेला, मेक्सिकोत आजही एका आंब्याच्या जातीला मनिला म्हणतात.

हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. पहिल्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती करतो: सितुआदोच्या २,५०,००० मध्ये अकापुल्कोची जकात धरलेली होती, हे खडूस यांनी लिहिलंय ते तिथे जोडतो. दोन लाख जोडप्यांचा हिशेब एकूण रकमेचा आहे, मेक्सिकोने पदरचे घातलेल्या पैशाचा नाही. रेसिदेन्सियावर वेगळा धागा काढायचा का? मोडीवाचक, तुम्ही सुरुवात करा, कोर्कुएरापासून.